राइस मिलच्या नालीतली मुळं

आधीच सांगून ठेवते, भूत, करणी, चकवा यातलं मला काही म्हणजे काही पटत नाही. इथले अनुभव मी दुपारी जेवण झाल्यावर वाचते आणि अर्ध्याहून जास्त वेळा सुनेला म्हणते, "हा बाबा थापा मारतोय." स्वभावच तसा आहे माझा. दूधवाल्यासमोर दूध ढवळून बघणारी बाई मी. तेव्हा माझं लिहिलेलं कुणाला खोटं वाटलं तर खुशाल वाटू द्या, मला राग नाही. पण या प्रकारात माझ्या वडिलांचं नाव खराब झालं ते कायमचं. म्हणून एकदाचं लिहून टाकते.

गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होतं. आमचा जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात नुकताच आला होता, पण गोंदियात बोलणं आधीही हिंदी आणि नंतरही हिंदीच. स्टेशनच्या पलीकडे, नाल्याच्या काठाला एक राइस मिल होती. नाव सांगत नाही, शेठजींची नातवंडं असतील कुठेतरी. तिथे उसना तांदूळ निघायचा. म्हणजे धान आधी हौदात गरम पाण्यात भिजवायचं, मग वाफवायचं, मग मोठ्या अंगणात वाळवायचं. हौदातलं पाणी जमिनीखालच्या नालीतून नाल्याला जायचं. ही नाली तुंबली की पाणी हौदातच राहतं, धान आंबतं, आणि असा घाण वास सुटतो की विचारू नका. अख्खा हौद फेकावा लागतो.

हे हौद आणि ही नाली माझ्या वडिलांनी बांधलेली. आम्ही कोहळी. झाडीपट्टीत जे जुने तलाव दिसतात ना, ते बांधणारे आमचे लोक. बाबांना याचा फार गर्व. कुणी नुसतं "पाणी द्या प्यायला" म्हटलं तरी तलावाची गोष्ट सुरू! शेठजींनी त्यांना गावाहून बोलावून आणलं, मिलच्या मागे एक खोली दिली. माय आणि मी अंगणात धान चाळवायचो. उन्हात तापलेल्या धानात पाय घासत चालायचं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मला बिलकुल यायचं नव्हतं गोंदियाला. पंधरा-सोळा वर्षांची होते, आणि येताना बैलांच्या बंडीत बसून रडले होते हे सगळ्या गावाने पाहिलं होतं.

नाली होती भाजलेल्या मातीच्या नळांची, एकाला एक जोडलेली. जोडात सिमेंट भरायचं, पण सिमेंट तेव्हा परमिटवर. शेठजी म्हणाले, थांबू या. पण थांबतील ते आमचे बाबा कसले!

"सिमेंट कायले पाहिजे? आमच्या पाळीले कोन्या बापानं सिमेंट लावलं होतं?"

पाळ म्हणजे तलावाचा बांध. बाबांनी आमच्या गावच्या पाळीची चिकण माती काढली, बंडीत घालून गोंदियाला आणली, त्यात तूस मळलं आणि सगळे जोड त्या मातीने भरले. मोठेबाबांशी, म्हणजे त्यांच्या थोरल्या भावाशी, यावरून कडाक्याचं भांडण झालं. पाळीची माती गावाबाहेर नेत नाहीत म्हणून. बाबांनी ऐकलं नाही.

वर्षभर नाली झकास चालली. दुसऱ्या उन्हाळ्यात तुंबली.

मजुरांनी वरचं झाकण काढून बांबू घातला तर बाहेर आला मुळांचा झुपका! बारीक, तांबूस, केसांसारखी मुळं, ओली चिंब. ती काढली, पाणी गेलं. पण थोड्याच दिवसांत पुन्हा तेच. पुन्हा काढली. पुन्हा आली. एक हौद आंबला, मग दुसरा. आवारात झाड म्हणाल तर फाटकाजवळचा एक कडुनिंब, आणि भिंतीपलीकडे बिडीच्या गोदामात एक पिंपळ. बाबांनी पिंपळाच्या बाजूने पुरुषभर खोल चर खणला. मुळं सापडली, तोडली... पण नालीपर्यंत एकही पोचलेलं नव्हतं.

शेठजी अंगणात उभे राहून सगळ्यांदेखत म्हणाले, "मिस्त्री, ये जड़ें आई कहाँ से? आसमान से?"

बाबांनी एक मूळ मोडलं. त्यातून पांढरा चीक आला. त्याचा वास घेतला. संध्याकाळी मायला म्हणाले, "उंबर होय तो."

आता उंबर त्या भागात कुठेच नव्हता. मी स्वतः फिरून पाहिलं... नाल्याच्या दोन्ही काठांनी, गोदामाच्या मागे, रेल्वेच्या कुंपणापर्यंत. मला वाटलं, कुणीतरी मुद्दाम टाकतंय. बिडीवाल्याची माणसं असतील. नाहीतर मुनीम, त्याला आमची खोली आपल्या साल्यासाठी हवी होती. बाबांनी नालीच्या तोंडाला लोखंडी जाळी ठोकली. मी तिथे राख पसरून ठेवायची, पाऊल उमटतं का बघायला. पाऊल उमटलं नाही, जाळी हलली नाही, आणि मुळं आली.

तिसरा हौद आंबला त्या दिवशी शेठजींनी बाबांना बोलावलं. सगळं अंगण ऐकत होतं.

"तुम ही डालते हो. नाली बंद होगी तभी तो मिस्त्री की पूछ होगी, है ना? एक बार और हुआ तो कमरा खाली करो. और शहर की हर मिल में बता दूँगा कि कैसे आदमी हो."

 ज्या माणसाच्या आजा-पणजाने तलाव बांधले, त्याला भर अंगणात चोर म्हटलं! माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि संतापाने मी टोपलं लाथाडलं, त्यावरून मुनीम ओरडला ते वेगळंच.

दुसऱ्या दिवशी बाबांनी स्वतः कुदळ घेऊन नाली उघडी केली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी शेजारी माती उपसत होते, त्यामुळे हे ऐकीव नाही, डोळ्यांनी पाहिलेलं आहे. नळांच्या बाहेरच्या मातीत मुळाचा एक धागा नव्हता. एक नाही! मुळं होती ती फक्त आत. जोडात भरलेल्या त्या पाळीच्या मातीतून निघालेली आणि नळात वाढत गेलेली. झाड नाही, बुंधा नाही... नुसतं मूळ.

माय काठावर उभी होती. ती हळूच म्हणाली, "अवो, पाळीची माती घेतली तवा बदल्यात टाकली होती ना?"

आमच्यात तशी रीत आहे. पाळीतून टोपलंभर माती काढली तर त्याच दिवशी दुसरीकडची टोपलंभर आणून तिथे चोपायची. देवाधर्माचं काही नाही त्यात. नाही टाकली तर पाळ बारीक होते आणि पावसात फुटते, सरळ हिशोब आहे.

"गप वो!" बाबा खेकसले. "घाईत होतो मी."

म्हणजे टाकली नव्हती. तलावांच्या गोष्टी सांगून सांगून लोकांचे कान किटवणाऱ्या माणसाने नेमकं हेच केलं नव्हतं.

माझा संशय मात्र लगेच मोठेबाबांवर गेला. भांडण झालेलंच होतं. त्यांनीच मातीत उंबराच्या फांद्या बारीक करून मिसळल्या असणार, भावाची फजिती व्हावी म्हणून! बाबांनी जुन्या जोडांतली मुळं खरवडली, तीच माती परत लिंपली, कारण दुसरा उपाय नव्हता आणि शेठजींना हौद लगेच सुरू हवे होते. चार दिवसांत नाली पुन्हा तुंबायला लागली, तशी मी मायला सांगून छोट्या लाइनच्या, म्हणजे नॅरोगेजच्या, गाडीत बसले आणि सौंदडला उतरले. तिथून गाव पायी. वाटेत काय काय बोलायचं ते घोकत गेले होते.

मोठेबाबा ओट्यावर बसले होते. मी तोंड उघडायच्या आधी तेच सुरू झाले.

"आलीस का! काय वो शेवंते, तुह्या बापाले लाज हाय का नाई? मिलचं घाण पानी इथं कायले आनून टाकून राहिला तो?"

मी म्हटलं, "कोण आणून टाकून राहिला? कुठं?"

"चाल, दाखवतो."

ते मला पाळीवर घेऊन गेले. बाबांनी माती काढली होती तिथे, बाहेरच्या अंगाला, माणूस उभा राहील एवढा खड्डा होता. वर जुना उंबर. त्याची मुळं खड्ड्यात उघडी पडून लोंबत होती. ऐन उन्हाळा, तलावाचं पाणी पार मधे गेलेलं, पाळीच्या आतल्या बाजूची जमीन भेगाळलेली. आणि त्या खड्ड्यात पाणी होतं.

मग वास आला. आंबलेल्या उसन्या धानाचा वास! उन्हाळाभर ज्यात मी उठले-बसले तो वास मला कळणार नाही का? खाली वाकून हात घातला. पाणी कोमट होतं. हाताला फुगलेलं तूस चिकटून आलं.

"बंडी येताना कुणी पाहिली?" मी विचारलं.

"कोनीच नाई पाहिली. तेच तर म्हनतो, तुमी आनता तरी कसं?"

मोठेबाबा खोटं बोलत असतील म्हणून मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. आणि ते माझ्याकडे तसंच बघत होते. गावात घरोघरी थोडं धान उसनतात, कुणी पाणी ओतलं असेल, असंही मनात आलं. पण एवढं? आणि कोमट? उंबर तेवढा हिरवागार होता, बाकीची झाडं धुळकटलेली.

मी म्हटलं, "मोठेबाबा, ते काहीही असो. हा खड्डा असाच राहिला तर पावसात पाळ जाईल."

"ते मी बी जानतो. पन ज्यानं काढली त्यानंच भराव, म्हून थांबलो होतो."

"मी त्याचीच पोरगी आहे ना? मग मी भरते."

 ते घरून फावडं घेऊन आले, आणखी दोघांना हाक मारली. शेतातली माती आम्ही टोपल्यांनी आणली. पाणी उपसलं, मुळं झाकली, चोपून चोपून खड्डा भरला. उन्हं कलली तेव्हा काम झालं. मोठेबाबांनी आंघोळ करून घरातल्यांना मला भात वाढायला सांगितलं, आणि त्या दिवशी बाबांना एकही शिवी दिली नाही.

दुसऱ्या दिवशी मिलच्या फाटकातून आत शिरले तर माय धावत आली. नाली मोकळी झाली होती! आदल्या दिवशी उन्हं कलायच्या सुमारास तुंबलेलं पाणी एकदम सुटलं, आणि मुळांचे झुपके आपोआप वाहत जाळीला येऊन अडकले. काळे, लिबलिबीत, मेलेले. मला वाटलं, सुटलो एकदाचे. बाबांचं नाव राहिलं.

शेठजी जाळीपाशी उभे होते. माझ्याकडे बघून हसले.

"वाह. बेटी गाँव गई और नाली खुल गई."

मी धडाधड सगळं सांगून टाकलं — खड्डा, पाणी, तूस, उंबर. मूर्ख मी! जितकं सांगत गेले तितकं ते हसत गेले, मुनीमही हसला, आणि अंगणातल्या बाया धान चाळवायचं सोडून ऐकू लागल्या. बाबा नाही हसले. ते फक्त माझ्याकडे बघत होते. खोली आम्हाला त्याच आठवड्यात सोडावी लागली, आणि गोंदियाच्या एकाही मिलमध्ये बाबांना पुन्हा हौदाचं काम मिळालं नाही.

आता कारण सांगणारे सांगतील. माझा मुलगा शेतकीचं शिकलेला आहे, तो म्हणतो मातीत मुळांचे तुकडे असतील, ते ओलाव्याने फुटले. बरं, मग पानाशिवाय एवढे वाढले कसे? खड्ड्यातलं तूस कुठलं? आणि सगळं त्या एकाच दिवशी का थांबलं? तो म्हणतो योगायोग. असेल बापा.

आम्ही गावी परतलो. मोठेबाबांशी बोलणं सुरू झालं. नळ, हौद हे शब्द बाबांनी पुन्हा तोंडातून काढले नाहीत. तलावाच्या गोष्टीसुद्धा बंद. पुढे माझं लग्न ठरलं, तेव्हा एका दुपारी आम्ही दोघंच पडवीत होतो. ते म्हणाले,

"शेवंते, आता तं सांग. मी कोनाले सांगनार नाई. तूच टाकत होतीस ना मुळं? तुले गावाले वापस याचं होतं."

मी शपथ घेतली, रडले, चिडले, पाया पडले. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "असू दे माय. लहान होतीस. मी तुले कवाच माफ केलं," म्हणाले, आणि पाणी प्यायला उठून गेले.

मुळं कुठून आली ते मला आजही माहीत नाही. बाबा मात्र ती मीच टाकली असं समजून गेले.