मंदा बोरसेचा उजवा हात

मंदा गजेंद्र बोरसे हिला बडोद्याजवळ, कोयलीच्या अलीकडल्या महीज्योत केमिकल्समध्ये सातशे माणसं ओळखत होती, आणि त्यातल्या सहाशे ऐंशी जणांनी तिला कधी पाहिलंच नव्हतं. बावीस वर्षं ती कारखान्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसत होती; फोन जोडणं आणि लाउडस्पीकरवरून सूचना देणं हे तिचं काम. खोलीला खिडकी नाही आणि दारावर ‘प्रवेश बंद’ची पाटी. आवाज मात्र असा, की भोंगा बिघडला तर पाळी तिच्या हाकेवर सुटावी. एकदा ती घडियाळी पोळच्या बाजारात बांगड्या घेत होती. शेजारी कारखान्यातलाच एक फिटर उभा होता, पण त्याने तिला ओळखलं नाही. ती दुकानदाराला “अडीचच्या द्या” म्हणाली मात्र, तो फिटर बिचारा दचकून ताठ उभा राहिला आणि हातातली पिशवी ठेवून कुठं जमायचं ते शोधू लागला.

आता तिच्या उजव्या हाताबद्दल सांगायला हवं, कारण सगळं रामायण त्या हातावरच घडलं. मंदा पाच वर्षांची असताना तिची आई मथुराबाई तिला डभोईच्या बाजूच्या एका मेळ्यात घेऊन गेली. खानदेशातून नवऱ्याच्या रेल्वेच्या नोकरीपायी बडोद्याला आलेली बाई, गर्दीला भ्यायची. पोर हरवली तर? म्हणून तिने आधी गोंदणारीपुढे मंदाचा हात धरला आणि नाव सांगितलं. गोंदणारी गुजराती. तिने आपल्या लिपीत, डोक्यावर रेघ नसलेल्या अक्षरांत, मनगटापासून कोपरापर्यंत ऐसपैस नाव गोंदलं. फक्त एक काना जास्त पडला. इतिहासात ‘ध’चा ‘मा’ झाला, इथं ‘मं’चा ‘मां’ झाला. मंदाच्या हातावर कायमचं लिहिलं गेलं: ‘मांदा’. गुजरातीत मांदा म्हणजे आजारी.

तिसरीत गुजराती वाचायला लागल्यावर मंदाला हे कळलं आणि वर्गालाही कळलं. रडत घरी आली, पण आईला सांगणार तरी कसं? मथुराबाईला काळं अक्षर म्हशीसमान, आणि तेवढा एकच शब्द तिला बघून ओळखता यायचा. लेकीचा हात मांडीवर घेऊन त्या अक्षरांवरून ती अंगठा फिरवायची. एकदा तर सरकारी दवाखान्याच्या पाटीवर तिने ‘मांदा’ वाचलं आणि रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “अगं, बघ, इथं तुझं नाव लिहिलंय!” मंदा म्हणाली, “हो आई.” त्या दिवसापासून पस्तीस वर्षं ती ‘हो आई’वरच राहिली.

सत्त्याण्णव साली महीज्योतमध्ये एका अमेरिकन कंपनीने भागीदारी घेतली. भागीदाराने पैशाबरोबर एक व्हिडिओ कॅसेट आणि एक पुस्तिका पाठवली. परिसरातल्या पाच कारखान्यांच्या क्रीडामहोत्सवात यंदा ‘चिअरिंग’ची स्पर्धा आणि ढाल ठेवायची, असं ठरलं. खेळणाऱ्यांना ओरडून हुरूप द्यायचा आणि त्या ओरडण्याचेच गुण मिळवायचे, हे ऐकून कँटीनची चिमणाबाई म्हणाली, “म्हणजे आमच्या सासूबाईंना पाठवा.”

हे खातं आलं पर्सोनेल ऑफिसर अनीश गुप्त्यांकडे. पणजोबा गायकवाडीत सुभे, आजोबा कॉलेजात प्रोफेसर, आणि हे एमबीए. मराठी शुद्ध, इस्त्री कडक. बारा बायका जमल्या. कॉम्प्युटरच्या कागदाच्या कडेला भोकाभोकांच्या पट्ट्या असतात ना, त्या फाडून झिरमिळ्यांचे गोंडे बनवले. मनोरा तीन थरांचा ठरला होता, तो चिमणाबाईने खांद्यावर पाय ठेवू न दिल्यामुळे दोन थरांवर आला. पुढे उभं राहून आरोळी कोण देणार, हा प्रश्नच नव्हता. मंदाने तोंड उघडलं की बाकीच्या अकरा जणी फक्त ओठ हलवत.

मंदा त्रेचाळीस वर्षांची होती, मुलगी आकांक्षा कॉलेजात होती. पण सरावाच्या पहिल्या दिवशी वासणा भागातल्या घरी आल्यावर ती नवऱ्याला म्हणाली, “अहो, बावीस वर्षं भिंतीआडून बोलतेय. एकदा मला समोर उभं राहून ओरडायचंय. लोकांनी बघावं, की हा आवाज या बाईचा आहे.” गजेंद्र महीज्योतमध्येच वेल्डर. तो म्हणाला, “मला तर रोजच दिसतं.” पण त्याला कळलं होतं.

आणि मग परिपत्रक लागलं. पुस्तिकेतले नियम पर्सोनेलच्या टायपिस्टने जमेल तसे उतरवले होते: ‘पोनीटेल अनिवार्य. टट्टू दिसता कामा नये.’ दोन दिवस कारखान्यात हाच ऊहापोह. पोनी म्हणजे टट्टूच. मग शेपूट सक्तीचं आणि टट्टू लपवायचं, हे जमवायचं कसं? गेटवरच्या सुरक्षारक्षकाने खबरदारी म्हणून एका टांगेवाल्याला परत पाठवलं. शेवटी अनीशसाहेबांनी खुलासा केला, की शब्द टॅटू आहे, आणि टॅटू म्हणजे गोंदण. तेव्हा घोडं कुठं पेंड खातंय ते सगळ्यांच्या लक्षात आलं. अकरा जणींनी मंदाच्या हाताकडे पाहिलं.

“मंदाताई, गैरसमज नको,” साहेब म्हणाले. “प्रश्न प्रोफेशनल इमेजचा आहे. त्याचे पंचवीस गुण आहेत. आणि त्यात आपल्या हातावर, म्हणजे, ‘आजारी’ लिहिलंय. कंपनीचं घोषवाक्य ‘आरोग्य हीच संपत्ती’ आहे.”

“मग मी काय करू?”

“आपण पडद्यामागून माइकवर आरोळी द्या. पुढे एखादी मुलगी ओठ हलवेल.”

मंदा एक्स्चेंजमध्ये परत गेली, हेडफोन चढवला आणि डोळे पुसत पुसतच तिने मुंबईची लाइन लावून दिली. तिला फार लागलं होतं. भिंत जाऊन पडदा आला होता, एवढीच काय ती प्रगती.

पण बाई खानदेशची, सहजी हटणारी नव्हे. तिने आधी नाटकवाल्यांकडून रंग आणून हाताला फासला. तो पहिल्याच आरोळीला घामाबरोबर ओघळला आणि गोंडे गुलाबी झाले. मग पूर्ण बाह्यांचं पोलकं शिवून घेतलं. हात वर केल्याबरोबर ते काखेत असं टरकलं, की अनीशसाहेबांनी इमेजच्या भल्यासाठी डोळे मिटून घेतले. शेवटी गजेंद्रने गुडघ्याला बांधायचा त्याचा क्रेपचा पट्टा दिला. मनगटापासून कोपरापर्यंत घट्ट गुंडाळला, पिन लावली. अक्षर दिसेना. साहेब खूश झाले आणि मंदाची जागा पुन्हा पुढे आली.

गुरुवारी रंगीत तालीम होती. वाटेत जो तो विचारायचा, “मंदाबेन, शुं थयुं?” ‘आजारी’ लिहिलेला हात आयुष्यभर उघडा होता तेव्हा कुणी तब्येत विचारली नव्हती. झाकला, तर सगळं गाव विचारपूस करू लागलं. आणि नेमके मैदानावर सेफ्टी ऑफिसर उदयसिंहराव आले.

उदयसिंहरावांचं आयुष्य गेटवरच्या एका फळ्यावर उभं होतं. ‘अपघाताविना दिवस’ असं त्यावर लिहिलेलं, आणि खाली खिळ्यांना टांगलेले पत्र्याचे आकडे. त्या दिवशी आकडा होता नऊशे अठ्ठ्याण्णव. शनिवारी, म्हणजे स्पर्धेच्याच दिवशी, हजार भरणार होते आणि प्रत्येक कामगाराला पाच लिटरचा प्रेशर कुकर मिळणार होता. कुकर गोदामात येऊनही पडले होते.

“मंदाबाई, ही पट्टी?” उदयसिंहरावांनी विचारलं.

“उगीच बांधलीय, रावसाहेब.”

“पट्टी उगीच नसते. पट्टी म्हणजे जखम, जखम म्हणजे अपघात.” ते जड पावलांनी गेटपर्यंत गेले, तिन्ही आकडे स्वतःच्या हाताने उतरवले आणि शून्य टांगलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं म्हणतात. पण नियम म्हणजे नियम.

संध्याकाळपर्यंत एक्स्चेंजचे सगळे दिवे लागले. बावीस वर्षं लाडीगोडीने लाइन मागणारी माणसं फोनवर ओरडत होती, “मंदाबेन, कुकर गयुं!” घरी गजेंद्र हळूच म्हणाला, “आपले तर दोन गेले.”

शुक्रवारी सकाळी गेटवर ही गर्दी. अनीशसाहेबांची इस्त्री प्रथमच मोडलेली. “मंदाताई, कृपा करा, पट्टा सोडा. जखम नाही हे सगळ्यांना दाखवा.”

“सोडते की. पण सोडला की दिसणार.”

“काय?”

“टट्टू.”

लोक हसले. साहेबांना हसू येईना. धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं, अशी त्यांची गत झाली होती. हात झाकला तर अपघात, उघडला तर नियमभंग. त्यांनी खिशातून कागद काढला आणि सातशे कुकरांच्या देखत लिहिलं: ‘श्रीमती बोरसे यांचा हात दिसला तरी हरकत नाही.’

“आणि त्या पुढेच उभ्या राहतील,” मंदा म्हणाली. “तेही लिहा.”

त्यांनी लिहिलं. मंदाने पिन काढली, पट्टा उलगडला आणि हात उदयसिंहरावांपुढे धरला. त्यांनी चष्मा लावून तो मनगटापासून कोपरापर्यंत वाचला.

“जखम नाही,” ते म्हणाले. “पण मग पट्टी का होती? फॉर्मवर दोनच रकाने आहेत, दुखापत आणि आजार. मॅनेजमेंटला लाज वाटली, असा रकाना नाही.” ते पुन्हा हातावर वाकले. “हे काय लिहिलंय? मांदा?”

“ते माझं नाव आहे.”

“नाव मंदा. हे मांदा आहे, आणि लेखी आहे.” त्यांचा चेहरा एकदम उजळला. “आजार अपघातात धरत नाहीत!” आणि त्यांनी फॉर्मवर टपोऱ्या अक्षरांत नोंद केली: ‘कर्मचारी मांदा. अपघात नाही.’ शून्य उतरलं आणि नऊशे नव्व्याण्णव चढलं. मग आजारी माणूस मैदानात कसा उतरणार, असा पेच त्यांनीच काढला, तेव्हा कंपनीच्या डॉक्टर मोहनाबेननी चिठ्ठी दिली: ‘मांदा साजी छे.’ म्हणजे, आजारी धडधाकट आहे. कुणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

शनिवारी मैदानाच्या कडेला मंडप होता. कामगारांच्या घरचे आले होते. आकांक्षा आजीला रिक्षाने घेऊन आली होती. मथुराबाईला आता दिसत कमी होतं आणि ऐकूही अर्धंच यायचं. समोरच्या कारखान्यांच्या संघांत विशीतल्या पोरी होत्या, चकचकीत गोंडे होते. महीज्योतच्या पुढे उभी होती साडी खोचलेली, त्रेचाळीस वर्षांची मंदा. तिने उजवा हात वर केला. एवढ्या लांबून गोंदण काही दिसत नव्हतं, हे अनीशसाहेबांच्या तेव्हा लक्षात आलं.

मग ती ओरडली. मंडपातल्या कामगारांनी माना उंचावल्या. रात्रपाळीत, वायू सुटला तेव्हा, घरी पोरगं झाल्याचा निरोप आला तेव्हा, ज्या आवाजाने त्यांना हाक मारली होती, तो आवाज या बाईचा होता. जाड भिंगाचा चष्मा लावणाऱ्या, ठेंगण्या बाईचा. कुणीतरी उठून उभं राहिलं. कालची गेटवरची नोंद तोवर सगळ्यांना पाठ झाली होती. एकाने आरोळी दिली, “मांदा!” दुसऱ्याने उचलली, आणि मग सातशे गळे एका तालात ‘मांदा! मांदा!’ करू लागले. पाहुणे अमेरिकन साहेब टाळ्या वाजवत शेजाऱ्याला अर्थ विचारत होते. ‘आजारी, आजारी’ असं सांगायला कुणी धजलं नाही.

निकाल लागला. आवाजाला पैकीच्या पैकी आणि इमेजच्या रकान्यात भोपळा. महीज्योत पाचातली चौथी. ढाल गेली.

मंदा कुकर काखोटीला मारून मंडपात आली आणि आईशेजारी बसली. घसा पार बसला होता. बावीस वर्षांत पहिल्यांदाच तिच्या तोंडून नीट शब्द फुटत नव्हता. आईच्या कानाशी वाकून ती घोगरं म्हणाली, “हरलो गं आई.”

मथुराबाईला अर्धंच ऐकू आलं. तिने लेकीचा उजवा हात ओढून मांडीवर घेतला आणि त्या अक्षरांवरून अंगठा फिरवला.

“हरवलीस? अशी कशी हरवशील?” ती म्हणाली. “एवढी माणसं नाव घेऊन हाका मारत होती की तुला. त्यासाठीच तर गोंदून घेतलं होतं.”

मंदा म्हणाली, “हो आई.”