लेथचं पाणी

आमच्या दुकानात एक निळा ड्रम होता आणि त्याला हात लावायची कोणाची टाप नव्हती. पावसाळ्यात टिनाच्या पन्हाळीतून येणारं पाणी चाचा त्यात धरायचे, वर जुन्या लुंगीचं फडकं बांधायचे आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत ते पुरवायचे. ते प्यायचं नाही, त्यानं हात धुवायचे नाहीत, आणि गाडी धुवायची तर गोष्टच सोडा. ते लेथचं पाणी होतं.

चाचा म्हणजे दुकानाचे मालक. दिग्रसच्या जिनिंगवाल्यांचं निम्मं काम त्यांच्या एका लेथवर, लोखंड कातायच्या मशीनवर, व्हायचं. मी आयटीआयमधून टर्नर होऊन तिथं लागले, वर्गात एकटी मुलगी होते आणि तोंडाची फटकळ. पहिल्या दिवशी मी सव्वानऊला पोचले, तर त्यांनी घड्याळाकडं बोट दाखवलं. "नऊले यायचं, बेटा. उशीर चालणार नाही." एवढंच बोलले आणि मशीनकडं वळले. मला इतका राग आला की संध्याकाळी घरी जाऊन आईला सांगितलं, हा म्हातारा काही माझ्याच्यानं सोसवायचा नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला कूलंट बनवायला उभं केलं. लोखंड कापताना टूल तापतं, त्याला गार ठेवायला वरून जी पांढरी धार सोडतात ती. आयटीआयमध्ये ती मी रोज पाहिली होती, पण ती बनते कशी हे कोणी दाखवलं नव्हतं. बादलीत ड्रमचं पाणी होतं, नितळ, तळाचा गंजका ठिपकासुद्धा दिसावा असं. चाचांच्या हातातल्या मगात गुळाच्या पाकासारखं तांबूस तेल. त्यांनी बारीक धार सोडली, मी लाकडानं ढवळत गेले, आणि बाप्पा, त्या पाण्याचं दूध झालं! शाळेपासून ऐकत आले होते की तेल आणि पाणी कधी एक होत नाही. इथं माझ्या नाकासमोर ते एक होऊन बसलं होतं, आणि मी ढवळणं विसरून नुसती पाहत राहिले. चाचांनी मला पाहू दिलं, घाई केली नाही. मग म्हणाले, पाण्याला तेल द्यायचं, तेलाला पाणी द्यायचं नाही. मला ते पटेना, म्हणून ते चहाला गेल्यावर मी उलटं करून पाहिलं. श्रीखंडासारखा गोळा झाला आणि दिवसभर बादली घासत बसले.

पण ते दूध मशीनवर चढलं की मी सगळे राग विसरायचे. फिरत्या लोखंडावर टूल टेकायचं, लोखंडाची साल निळी होत निघायची, धूर यायचा, आणि त्यावर पांढरी धार पडली की सगळं शांत व्हायचं. धार हटली की खालून आरशासारखं लोखंड. पहिल्यांदा त्यात मला माझाच चेहरा दिसला तेव्हा खरं सांगते, अंगावर काटा आला. चाचा म्हणायचे, लोखंडालाही तहान लागते. तेव्हा मला ते म्हातारपणाचं बोलणं वाटायचं.

पाणी पावसाचंच काहून, हेही मी विचारलं होतं. आमच्याकडचं बोअरचं पाणी जड. भांड्यावर पांढरा थर बसतो, साबणाला फेस येत नाही, आणि तुरीची डाळ तर अशी हट्टाला पेटते की सिलेंडर संपेल पण दाणा मऊ होणार नाही. तेच पाणी कूलंटलाही चालत नाही, असं चाचांनी सांगितलं होतं. मी मान हलवली होती. मान हलवणं आणि समजणं यात फरक असतो, तो पुढं कळला.

पाच-सहा वर्षं गेली आणि साखरेनं चाचांचे डोळे नेले. आधी बारीक रेघा दिसेनात, मग मापाच्या वर्नियरचे आकडे, मग माणसं. नागपूरच्या जावयानं लेथसाठी गिऱ्हाईक आणलं. चाचांनी त्याला महिनाभर थांबवलं आणि मला समोर बसवून सरळ सांगितलं. एक अवघड काम मी एकटीनं पहिल्यापासून शेवटपर्यंत करायचं. बरोबर उतरलं तर लेथ इथंच राहील आणि मी चालवीन. नाही उतरलं तर गिऱ्हाईक गाडी घेऊन येईल. मी हो म्हटलं. त्या लेथशिवाय मी कुठं जाणार होते? दुसऱ्या दुकानांत मला हिशोब लिहायला ठेवायला तयार होते, मशीनला हात लावायला नाही.

संक्रांत होऊन गेली होती, कापसाचा हंगाम जोरात. एका सकाळी जिनिंगचा फोरमन तुटलेला शाफ्ट आणि नवा लोखंडी बार घेऊन आला. मिल बंद पडली होती. बार एकच होता आणि चारपर्यंत काम पाहिजे होतं, टोकाला नट बसायच्या आट्यांसकट. चाचा कुठे म्हणून त्यानं विचारलं. ते डोळे दाखवायला यवतमाळच्या बसनं गेले होते. मी करते म्हटल्यावर त्यानं माझ्याकडं असं पाहिलं जसं मी त्याची मोटरसायकल मागितली. पण त्यालाही दुसरा इलाज नव्हता.

हीच माझी परीक्षा, हे मला तिथंच कळलं. सगळं नवं आणि चोख करायचं म्हणून मी टाकीतलं जुनं, वास मारणारं कूलंट आधी उपसून टाकलं आणि टाकी घासली. तेवढ्यात शेजारच्या मावशी दारात. त्यांच्या नातीचं बारसं होतं, पन्नास माणसं जेवायला, नळाला चार दिवस पाणी नाही, आणि बोअरच्या पाण्यात डाळ दोन तास झाले तशीच टणक. त्यांना ड्रमचं माहीत होतं, सगळ्या गल्लीला माहीत होतं, पण मागायची हिंमत आजवर कोणी केली नव्हती. मावशी रडायच्या बेतात होत्या. त्या वर्षी पाऊस कमी झाला होता, ड्रमच्या तळाशी दोन घागरीच उरल्या होत्या, त्या मी दिल्या. म्हटलं, माणसांच्या तोंडचा घास मोठा की मशीन? लेथला एक दिवस बोअरचं पाणी चालून जाईल. तेव्हा गावात आरओच्या कॅनची गाडी फिरत नव्हती, नाही तर ही गोष्टच घडली नसती.

बोअरच्या पाण्यात मी तेल सोडलं, अगदी चाचांच्या रीतीनं, बारीक धारेनं. दूध झालं. मी खूश झाले. मशीन सुरू केलं, बारचं अंग सोललं, थोडं खरखरीत वाटलं पण पॉलिश पेपरनं निभावलं. मग टोकाला आटे पाडायला घेतले. दुसऱ्याच फेरीला टूल किंचाळलं. टाकीत पाहते तर दूध फाटलेलं, वर तेलाचे चिकट तुकडे, खाली गढूळ पाणी. आट्यांच्या कडा ओरबाडल्यासारख्या झाल्या होत्या. मशीन बंद केलं आणि बोटानं आटे चाचपले. अजून वरवरचंच कापलं होतं, बार वाचण्यासारखा होता, पण आणखी दोन अशा फेऱ्या झाल्या असत्या तर संपलंच.

त्याच वेळी चाचा काठी टेकत आत आले. बस लवकर मिळाली होती. ते दारातच थांबले आणि नाक वर केलं. "दूध फाटलं न?" म्हणाले.

मी सगळं सांगून टाकलं. ड्रमचं, मावशीचं, डाळीचं. लपवून काय उपयोग, माणूस वासावरून ओळखतोय! मला वाटलं आता काठी भिरकावतील, निदान फोन करून गिऱ्हाइकाला बोलावतील. ते स्टूलवर बसले.

"डाळीले देल्लं न? मंग वाया नाही गेलं," ते म्हणाले आणि मला मावशीकडं करडीचं तेल आणायला पाठवलं. घाण्याचं, पाकिटातलं नाही.

मी पळत गेले. मावशीच्या अंगणात पंगत बसली होती आणि डाळ लोण्यासारखी शिजली होती. मावशींनी कायले म्हणून विचारलंसुद्धा नाही, तांब्याभर तेल दिलं आणि वर डाळीचा डबा. मी परत आले तोवर चाचांनी चाचपून टाकी रिकामी करायला घेतली होती आणि तेलाची कुप्पी पुसून ठेवली होती. कूलंट निघायच्या आधी त्यांचे उस्ताद आटे असेच पाडायचे, गोड्या तेलावर, मशीन हळू चालवून.

पण एका हातानं तेल आणि दोन हातांनी मशीन, हे एकटीला जमेना. तेल हवं तिथं पडेना. तेव्हा चाचा स्टूल ओढून माझ्या बाजूला आले. मशीन थांबलेलं असताना मी त्यांचा हात धरून कुप्पीचं नाक टूलच्या वर, अंतर ठेवून नेलं. एकदाच. त्यांचा डावा पंजा लेथच्या बिछान्यावर, म्हणजे खालच्या लोखंडी पाटावर, पालथा होता.

मशीन फिरलं. टूल लोखंडाला लागलं त्या क्षणाला तेलाचा पहिला थेंब पडला. मी टूल मागं घेतलं की धार थांबायची, पुन्हा लावलं की पुन्हा सुरू. मी काही बोलत नव्हते, त्यांना काही दिसत नव्हतं. मध्येच ते म्हणाले, आवाज कोरडा येऊन राह्यला, कट कमी कर. मी कट कमी केला आणि लोखंडाची साल लगेच गुळगुळीत निघायला लागली. इतकी वर्षं मी हे मशीन डोळ्यांनी पाहिलं होतं आणि हा माणूस ते तळहातानं पाहत होता. माझे डोळे भरून आले, पण आट्यांवरून नजर काढायची सोय नव्हती, म्हणून तसेच वाहू दिले. दुकानभर तळणाचा वास सुटला. रस्त्यावरून जाणारा एकजण डोकावून विचारून गेला, भजे काढून राह्यले काय? चाचा हसले, पण थेंब चुकला नाही.

शेवटची फेरी झाली. मी आटे पुसले. आटा न् आटा उठलेला, कडा धारदार, अन् मध्ये तेलाची सोनेरी रेघ. मला खरंच वाटेना की हे माझ्या हातून झालं.

चारला फोरमन आला. त्यानं नट लावला, बोटाच्या टोकानं ढकलला आणि तो फिरत फिरत शेवटपर्यंत गेला. त्यानं उलटा काढून पुन्हा एकदा फिरवून पाहिला, मग शाफ्ट उचलून गेला. जाताना मला ताई म्हणाला.

आम्ही दोघं खाली बसून डाळ-भात खाल्ला. चाचांनी डाळ बोटांत चोळून पाहिली आणि पाणी ओळखलं. मी हातातला घास ताटात ठेवला. शब्द दिला होता तो मोडला होता, आणि ते बोलल्याशिवाय चैन पडणार नव्हतं. मी म्हटलं, "चाचा, मी एकटीनं नाही केलं."

ते बराच वेळ ताटात चाचपडत राहिले. मग मान वर केली, माझ्याकडं नाही, लेथकडं. "मंग तेल सोडाले माणूस लागन तुले," म्हणाले. "मले ठेवशीन काय कामावर?"

 त्या माणसानं मला लेथ दिलं होतं आणि वर माझ्याकडं नोकरी मागत होता. मी खूप काही म्हणू शकले असते. म्हटलं एवढंच, "नऊले यायचं, चाचा. उशीर चालणार नाही."

दुसऱ्या दिवशी पावणेनऊला मी शटर उघडायला गेले, तर ते पायरीवर येऊन बसले होते, मांडीवर तेलाची कुप्पी घेऊन.