पानी

वसईच्या आमच्या फ्लॅटवर एसी साफ करायला आलेला माणूस, लहान मुलाचं डोकं धुवावं तशी त्याची जाळी धूत होता. म्हणाला, "साहेब, पानी जायचा पाइप तुंबलाय."

मी घरातला पहिला पदवीधर. कॉलेजात हसू झालं म्हणून घासून घासून ‘ण’ शिकलेला. म्हटलं, "पानी नाही हो, पाणी!"

त्याने पाइपात फुंकर मारली. "मघाशी मावशींनी पानीच दिलं. गार होतं."

मावशी म्हणजे माझी आई. रिकामा पेला न्यायला ती दारातच उभी होती.

एसी गार झाला, माझे कान तापलेलेच राहिले. तेव्हापासून कुणी आलं की आई "प्यायला देऊ?" एवढंच विचारते.