टॉवेलवरचे थेंब

भवानी पेठेत माझं लॅमिनेशनचं दुकान आहे आणि शेजारी महेश्वरीचं डिझाईनचं. पोरीला पाण्याच्या थेंबांचं भलतंच वेड. रसवंतीचा बोर्ड असो की कुणाच्या वाढदिवसाचा, थेंब पडलेच पाहिजेत. एका पुढाऱ्याच्या फोटोवर तिने इतके हुबेहूब थेंब काढले, की बिचारा निवडणुकीआधीच घामाघूम दिसायला लागला.

खरा थेंब बघितल्याशिवाय खोटा काढता येत नाही म्हणे. म्हणून ही बया माझ्या लॅमिनेट केलेल्या कागदांवर पाणी शिंपडून निरखत बसते. उजेड येतो त्या बाजूला चमक, समोरची कड आतून उजळ, खाली बारीकशी सावली. मग कॉम्प्युटरवर एकेका थेंबाला तेच. मी ओरडलो की म्हणते, "एकच मिनिट, काका!"

यंदा तिला महादेवप्पांच्या कारखान्याचं काम आलं, टॉवेलच्या खोक्याचं. हे जमलं की वाढदिवसांच्या बोर्डांतून सुटका, असं ती मला रोज ऐकवायची. खपून खपून तिने गुलाबी टॉवेलवर टपोरे थेंब मांडले.

महादेवप्पा आले, स्क्रीनकडे बघितलं आणि खांद्यावरच्या पंच्याने थेंब पुसायलाच निघाले! महेश्वरीचा चेहरा असा फुलला, की मलाही उगाच अभिमान वाटला. मग त्यांचा हात थांबला.

"लई झ्याक काढलंय पोरी. पर टॉवेलवर पाणी असं उभं कसं? आमचा माल पाणी पीत न्हाय की काय?"

महेश्वरीने माझ्याकडे रागाने पाहिलं, जणू चूक माझ्या प्लास्टिकचीच. एका अर्थी होतीही. जन्म टॉवेलने अंग पुसण्यात गेला, पण त्यावर पाण्याचं काय होतं ते आम्ही दोघांनी कधी पाहिलंच नव्हतं. काम जाणार म्हणून तिचे डोळे भरून आले. मला फार वाईट वाटलं.

"उद्या या, मालक," एवढंच ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी स्क्रीनवरचा टॉवेल कोरडा होता. त्याच्याजवळ एक ओला हात, थेंबांनी गच्च भरलेला. हातावरून टॉवेल फिरला होता तेवढा पट्टा मात्र स्वच्छ, कोरडा.

महादेवप्पांनी थेंबांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. कोरड्या पट्ट्यावर बोट टेकवून ते म्हणाले, "हे बघ! हितं जमलंय. छाप."

जिथे तिने काहीच काढलं नव्हतं, तेवढंच मालकांना आवडलं. महेश्वरी क्षणभर रुसली आणि मग खुदकन हसली.