समुद्राच्या दारातली रांगोळी

“तो मनुष्य समुद्रात रांगोळी घालीत बसला, म्हणून बंदराची भिंत वर्षभर रखडली,” असे पापनाशमचे आमचे चुलतबंधू लग्नाच्या प्रत्येक पंगतीत, सांबार दुसऱ्यांदा फिरू लागले की, सांगत असतात. तंजावरची निम्मी मराठी मंडळी त्यावर हसते. मी हसत नाही. ‘तो मनुष्य’ म्हणजे माझे भावोजी, अक्काचे यजमान. आणि समुद्रावर त्यांच्याइतका संशय घेणारा इंजिनियर आपल्या किनाऱ्यावर दुसरा झाला नाही, हे मी कोणाच्याही पंगतीत उभा राहून सांगेन.

संशय त्यांच्या हाडातच होता. कालव्याला पाणी सुटले की ते कोणता काठ खात आहे हे पाहायला भरल्या पानावरून उठत. स्वतःच्या अंगणात चार विटा रचल्या, तर पावसाचे पाणी कोणाच्या दारात वळेल याचा विचार करून शेजाऱ्याची आगाऊ क्षमा मागून येत. अशा माणसाला सरकारने समुद्रात दगडी भिंत घालायला नेमले! लाटा अडवून बोटींना आसरा द्यायचा, एवढेच काम. पण भावोजींचे लक्ष उत्तरेच्या कुप्पमकडे, म्हणजे कोळ्यांच्या वस्तीकडे. या किनाऱ्याची वाळू दक्षिणेकडून उत्तरेकडे चालत जाते. भिंतीने तिची वाट अडवली, तर कुप्पमच्या पायाखालची वाळू समुद्र नेईल आणि नवी येणार नाही, असे त्यांचे म्हणणे.

“वाळू चालताना तुम्ही पाहिली आहे?” मोठ्या साहेबांनी विचारले.

झाले. भावोजींनी जुन्या लाल विटा कुटवल्या आणि अक्काच्या चाळणीतून वाळूएवढ्या बारीक चाळल्या.

“ऐयो! अहो, पिठाची चाळण ती!” अक्का ओरडली.

“पीठ कुठे जाते ते मला ठाऊक आहे. वाळूचे अजून ठाऊक नाही.”

त्या काळात अक्काकडच्या इडल्या मी खाल्ल्या आहेत. दाताखाली बंदर येई.

आषाढात त्यांनी ती लाल भुकटी भिंतीच्या नियोजित जागी पाण्यात ओतली, आणि रोज सकाळी कुप्पमच्या वाळूत गुडघ्यांवर रांगू लागले. एके दिवशी लाल पट्टा दिसला. ते धावत जाऊन साहेबांना घेऊन आले. मीही बरोबर होतो. पाहतो तो किनारा स्वच्छ, पांढरा. साहेबांनी घड्याळ काढले. जुन्याच नकाशाप्रमाणे दगड टाकायचा हुकूम त्यांच्या ओठांवर होता. भावोजींचा चेहरा मला पाहवेना.

इतक्यात कुप्पमच्या अम्मन देवीच्या देवळातून बायका बाहेर आल्या. एकूण एक कपाळ लालभडक!

“समुद्राने आज आईचे कुंकू पाठवले, ऐया,” पुढे असलेली म्हातारी म्हणाली. “सगळे सुपात भरून देवळात ठेवले.”

देवापुढेही खोटे न बोलणारा आमचा मनुष्य! “अम्मा, ती वीट आहे,” ते म्हणाले. “मीच टाकली, तिकडे, दक्षिणेला.”

“असू दे की वीट. तिथून इथवर आणली कोणी?”

साहेबांनी देवळातून सूप मागवले, त्यातली चिमूट बोटांत चोळली. किरकिरली. त्यांनी घड्याळ खिशात ठेवले आणि म्हणाले, “चालते खरी.” मी सोडलेला निःश्वास बहुधा देवळात ऐकू गेला असावा.

नकाशा पुन्हा आखला गेला. भिंतीच्या दक्षिणेला साचणारी वाळू दरवर्षी गाड्यांनी उत्तरेला नेऊन टाकायची, असे ठरले. याला वेळ लागला; चुलतबंधूंचे तेवढे मी मान्य करतो. पुढे भावोजी दरवर्षी छत्री घेऊन त्या गाड्यांबरोबर चालत, लेकीला सासरी पोहोचवायला निघाल्यासारखे.

आता ते नाहीत. अक्काच्या चाळणीचा लाल डाग मात्र गेलेला नाही. “कुप्पम आपोआपच वाचले असते,” असे चुलतबंधू हल्ली पुढे जोडतात. त्यांना माझे एवढेच उत्तर: भावोजी अंथरुणाला खिळले त्या वर्षी गाड्या गेल्या नाहीत, आणि लाटा अम्मनच्या पायरीला लागल्या, पुढच्या वर्षी गाड्या पुन्हा गेल्या, आणि आज त्या पायरीपुढे जाळी वाळत आहेत.