दुसरी वाटी

“यात काही न्हाई ना?”

ताटात नवा पदार्थ आला की ते हा प्रश्न विचारत. वाढणाऱ्याला नव्हे, मला. मी “काही नाही, काका” म्हणेपर्यंत हात मांडीवरच असायचा. मी म्हटलं की लगेच चमचा उचलायचे. मग पुन्हा शंका नाही, वळून बघणं नाही.

‘काही’ म्हणजे काय, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. माळकरी माणसं तुमच्याही ओळखीची असतील. ती ‘आम्ही खात नाही’ एवढंच म्हणतात आणि ऐकणाऱ्याला कळतं. यांनी तर ‘खाणं’ हा शब्दही गाळला होता. मटण, मासे, अंडी यांतला एकही शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही. नुसतं ‘काही’.

मी परभणीत बियाणं-खतांच्या एका वितरकाकडे काम करते. ठरलेली विक्री पूर्ण करणाऱ्या दुकानदारांना वर्षातून एकदा सहल मिळते आणि तिचं सगळं माझ्याकडे असतं. तिकिटं, खोल्या, कुणाला कोणती गोळी किती वाजता, कोण कुणाच्या खोलीत ठेवला तर घोरण्यावरून भांडण होईल, हे सारं माझ्या वहीत लिहिलेलं असतं. प्रत्येक सहलीत एक जेवण त्या शहरातल्या सगळ्यात नावाजलेल्या हॉटेलात द्यायचं, हा आमच्या साहेबांचा हट्ट. इंटरनेटवरचे तारे पाहून ते हॉटेल शोधायचं कामही माझंच.

काका ताडकळसचे. बाजारात दुकान, दुकानामागे घर, गावाबाहेर थोडी जमीन. साठी ओलांडलेली, पांढरा शर्ट, पायजमा आणि गळ्यात तुळशीची माळ. सोळाव्या वर्षी आईच्या इच्छेनं गंगाखेडच्या एका महाराजांकडून घेतलेली. असा माणूस मोठ्या हॉटेलात अवघडून बसेल असं तुम्हाला वाटेल. मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं होतं. पण त्यांच्याइतक्या कुतूहलानं जेवणारा माणूस मी सहलीत दुसरा पाहिला नाही. पदार्थाचं नाव ते मला वहीत लिहायला लावत, दोनदा म्हणून बघत आणि गावी गेल्यावर हरभऱ्याचं बियाणं घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला ऐकवत.

हैदराबादच्या एका जुन्या महालातल्या हॉटेलात त्यांनी मला न विचारता थेट वाढप्यालाच विचारलं होतं. तिथली भाषा त्यांना घरच्यासारखी. “मियाँ, इसमें कुछ है तो नहीं?” वाढपी अदबीनं झुकून म्हणाला की साहेब, यात सगळं काही आहे. काका खुर्ची सरकवून उभेच राहिले. मी आत जाऊन आचाऱ्याला विचारून आले, तेव्हा कळलं की सगळं काही म्हणजे काजू, केशर आणि खवा. तेव्हापासून त्यांनी वाढप्यांना विचारणं सोडलं आणि ते काम माझ्याकडे आलं.

उदयपूरला तळ्याकाठच्या हॉटेलात परातीएवढ्या थाळीच्या मधोमध सुपारीएवढा पदार्थ आला. काका थाळीकडे बघत राहिले. मग हळूच मला म्हणाले, “ताई, हे वाढलंय का धुवायचं राहिलंय?” माझ्या नाकात पाणी गेलं.

जिंतूरचे एक दुकानदार आमच्या प्रत्येक सहलीत असतात. त्यांना सगळे शेठ म्हणतात. मनात आलेलं ओठाआड ठेवणं त्यांना जमत नाही. बँकॉकला निघताना विमानतळावर ते काकांना म्हणाले, “काका, माळ पेटीत ठेवा चार रोज. विमानवाले वजन धरतेत.”

“वजन हाय म्हणूनच गळ्यात हाय, शेठ,” काका म्हणाले.

बँकॉकच्या शेवटच्या दिवशी दुपारचं जेवण नदीकाठच्या हॉटेलात होतं. तिथे जागा मिळवायला मी दीड महिना आधीपासून मागे लागले होते. लहान लहान अकरा पदार्थ, एकामागून एक. कोण खातं आणि कोण खात नाही, याची यादी मी आधीच पाठवली होती. माझं इंग्रजी कामापुरतं. न खाणारे या खेपेला काका एकटेच. त्यांच्या नावापुढे मी लिहिलं होतं, ‘नो मीट, नो एग’. दारात पुन्हा विचारलं. त्यांनीही मान डोलावून तेच शब्द म्हटले, “नो मीट, नो एग.”

माझी चूक तुमच्या लक्षात आली असेल. आपल्या घरांत ‘खात नाही’ म्हटलं की मासा त्यात आलाच, तो वेगळा लिहावा लागत नाही. मी मराठीत विचार केला आणि इंग्रजीत लिहिलं. त्यांनी माझ्या यादीचं अक्षर न् अक्षर पाळलं.

तिसरा पदार्थ म्हणून काळ्या वाटीत मधाच्या रंगाचं पातळ सार आलं. वर एक पान तरंगत होतं. समोर बसलेल्या काकांनी माझ्याकडे पाहिलं.

“यात काही न्हाई ना?”

“काही नाही, काका. घ्या.”

त्यांनी एक घोट घेतला आणि डोळे मिटले. मग वाटी दोन्ही हातांत धरून संपवली. “ताई,” ते म्हणाले, “आईच्या हातच्या कटाच्या आमटीची याद आली. आणखी मिळंल का, विचारा की.”

अशा हॉटेलात कुणी दुसऱ्यांदा मागत नाही. वाढणारी मुलगी आधी गोंधळली आणि मग हसत आत गेली. थोड्या वेळानं मुख्य आचारीच बाहेर आला, दुसरी वाटी स्वतःच्या हातात घेऊन. ती काकांपुढे ठेवून त्यानं हात जोडले. काकांनीही जोडले. तो त्याच्या भाषेत काहीतरी सांगत होता. आमचा तिथला वाटाड्या माझ्या खुर्चीमागे येऊन वाकला आणि कानाशी इंग्रजीत सांगू लागला. हे सार करायला दोन दिवस लागतात. वाळवलेला मासा आधी धुरावर धरतात, मग मंद आचेवर ठेवतात.

माझ्या शेजारी शेठ होते. ‘फिश’ एवढा शब्द त्यांनीही ऐकला. त्यांचा चमचा वाटेतच थांबला.

“काय म्हणायलेत?” काकांनी विचारलं.

वाटी त्यांच्यापुढे होती. आचारी हात जोडून उभा होता. आमचे बावीस जण बघत होते. अडीच वाजता बस निघणार होती. मी व्यवस्था बघणारी बाई. अडचण आली की पुढचं काय, एवढंच बघायची मला सवय आहे. एक वाटी तर गेलीच आहे, असा हिशेब माझ्या डोक्यात झाला. आता सांगितलं तर हा माणूस परक्या मुलखात, भरल्या पंगतीत उठेल. नाही सांगितलं तर काहीच होणार नाही.

“दोन दिवस मंद आचेवर ठेवतात म्हणे,” मी म्हणाले.

“तरीच,” काका म्हणाले आणि त्यांनी दुसरी वाटी उचलली.

त्यांनी या वेळी ‘काही न्हाई ना’ विचारलं नाही. एकदा विचारून झालं होतं. मी ती वाटी रिकामी होईपर्यंत पाहत राहिले. पुढचे आठ पदार्थ कोणते होते, हे मला वहीत बघूनच सांगता येईल.

बसमध्ये शेठ माझ्या मागच्या सीटवर येऊन बसले. मला वाटलं, आता हसतील. हसले नाहीत. “ताई, तुमी सांगता का मी सांगू?” एवढंच म्हणाले. सोमवारी परभणीला सगळ्या दुकानदारांची बैठक होती. मी त्यांना म्हटलं, तोपर्यंत थांबा. ते म्हणाले की थांबतो, पण माझं तोंड तुम्हाला ठाऊक आहे.

विमानात काकांनी माझी वही मागितली. त्या साराची कृती त्यांना काकूंसाठी हवी होती. मी ‘पाणी, मीठ, पान’ लिहिलं आणि पेन थांबलं. विचारून नंतर कळवते म्हटलं. त्यांना ते पटलं. माझं सगळंच त्यांना पटायचं. खिडकीशेजारी बसून ते शेजारच्याला सांगत होते की परदेशातला माणूस असून आपल्या चवीचं करतो, जग काही लांब नाही.

शनिवारी सकाळी काकूंचा फोन आला. त्यांना मी कधी पाहिलं नव्हतं, आवाज मात्र ओळखीचा. “ताई, ते आल्यापासून त्या आमटीचंच चालू हाय. काय काय घालायचं त्यात? आज करून बगते.”

मी म्हटलं, काकू, मी येते, समोर सांगते. आणि ताडकळसची गाडी धरली.

बाजाराचा दिवस होता. दुकानात करडईचं आणि हरभऱ्याचं बियाणं घ्यायला माणसं दाटली होती. मला पाहून काकांनी गिऱ्हाइकांना जागा करायला लावली आणि खुर्ची पुसून दिली. ज्यांना सहलीच्या गोष्टी ऐकवल्या होत्या त्यांना माझी ओळख करून दिली. “ह्याच त्या ताई. ह्यांनी घ्या म्हटलं की मी डोळे झाकून घेतो.” एक म्हातारे माझ्याकडे बघून कौतुकानं हसले. मी काकांना म्हटलं, जरा आत चला.

मागच्या खोलीत पोत्यांची थप्पी होती. मी बसले नाही, बसले असते तर सांगितलं नसतं. एका दमात सांगितलं. यादीत काय लिहिलं, काय राहिलं, सार कशाचं होतं. मासा हा शब्द मला त्यांच्यासमोर उच्चारावा लागला.

काकांनी मध्ये तोडलं नाही. बाहेरून गिऱ्हाईक हाका मारत होतं, तिकडे लक्ष दिलं नाही. मग त्यांनी विचारलं, “तुमाला कवा कळलं?”

“तो आचारी बाहेर आला तेव्हा.”

“म्हंजी दुसऱ्या वाटीच्या आदी.”

“हो.”

ते पोत्याला टेकले. “पहिली चुकून गेली,” ते म्हणाले. “तिचं मी महाराजांच्या गादीपुढं सांगीन, ते बगतील. दुसरीचं काय सांगू, ताई? ती मला माझ्याच माणसानं पाजली.”

 

त्यांनी दोन्ही हात मानेमागे नेले आणि माळ काढली. ती हातात धरून, कुठे ठेवायची म्हणून ते इकडेतिकडे बघत होते. खतांचा वास लागलेली कुठलीच जागा त्यांना चालेना. शेवटी बियाण्याच्या नमुन्याची एक कोरी कापडी पिशवी सापडली. तिच्यात माळ ठेवली, दोरी ओढली आणि पिशवी शर्टाच्या खिशात घातली. मग बाहेर जाऊन थांबलेल्या गिऱ्हाइकाला त्यांनी माल दिला, कोणतं बियाणं किती खोल पेरायचं ते नेहमीसारखं नीट सांगितलं. मी निघाले तर म्हणाले, “जेवल्याबगर न्हाई जायचं.”

नंतरचं आधीच सांगून टाकते. दुसऱ्या दिवशी ते गंगाखेडला गेले. महाराज केव्हाच वारले होते, पण गादीवरच्या शिष्यानं त्यांना गोदावरीत स्नान करायला लावलं, काही दिवस नेमाचे सांगितले आणि पुन्हा माळ घातली. हे मला शेठनी सांगितलं. शेठ सोमवारच्या बैठकीत काही बोलले नाहीत, पुढेही नाही. त्यांच्यासारख्या माणसाला ते किती जड गेलं असेल, याची मला कल्पना आहे. त्यानंतर काका आणखी दोन वेळा सहलीला पात्र ठरले. दोन्ही वेळा त्यांनी मुलाचं नाव दिलं. फोनवर आवाज तसाच मऊ, चौकशी तशीच. दुकान सोडून निघवत न्हाई म्हणाले. गेल्या पौषात ते गेले. मला कळलं तेव्हा तेरावा होऊन गेला होता. आता मी न खाणाऱ्यांच्या नावापुढे सात ओळी लिहिते. त्यांतली एकही त्यांच्या उपयोगाची नाही.

त्या शनिवारी मी त्यांच्या स्वयंपाकघरात पाटावर बसले होते. काकू चुलीपुढे भाकरी थापत होत्या. मी आले म्हणून खूश होत्या आणि कृतीची वाट बघत होत्या. एकच ताट वाढलेलं पाहून त्यांनी काकांना विचारलं की तुमचं कुठंय.

“मला आज न्हाई जेवायचं.”

“आज कसला उपास?”

काका वाकून माझ्या ताटात भाजी वाढत होते. शर्टाचं वरचं बटण उघडं होतं. उन्हानं रापलेल्या गळ्याभोवती इतक्या वर्षांची एक गोरी रेघ होती. काकूंची नजर तिथे गेली आणि तिथेच राहिली. हातातलं पीठ तसंच राहिलं. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास यायला लागला, तरी त्यांनी ती उलटली नाही.

शेवटी काकाच तव्याकडे गेले. बोटांनी भाकरी उचलली, करपलेली बाजू खाली केली आणि माझ्या ताटात वाढली.