गच्चीवरची शिकवणी

आता तुमच्यापासून काय लपवायचं, गेल्या वर्षी बारावीत असताना मी अख्ख्या क्लासचं गणित बिघडवलं. तेही अगदी मन लावून.

बोईसरला म्हात्रे सर आमचं गणित घ्यायचे. ते नेहमी सांगायचे, की एखादी गोष्ट आपल्याला समजली का हे बघायचं असेल, तर ती दुसऱ्याला शिकवून बघा. मी ते फारच मनावर घेतलं. इम्प्लिसिट डिफरन्सिएशन सुरू झालं. त्यात वाय एकटा सापडतच नाही, एक्समध्ये गुंतलेला असतो, म्हणून सगळे गांगरले. मी कसला गांगरतोय? वाय दिसला की मागे डीवाय बाय डीएक्स लावायचं, एवढंच तर होतं. सरावलीला आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर मी शिकवणीच उघडली.

आता बघा, एक्स आणि वायचा गुणाकार आला की दोघांचंही आळीपाळीने डिफरन्सिएशन करावं लागतं, उत्तरात दोन पदं येतात. मी एकच शिकवलं. पण आत्मविश्वास काय होता म्हणता! शिरगावहून येणारी दर्शना म्हणाली, सरांपेक्षा तुझं लवकर समजतं. तिने ते सकाळच्या बॅचमधल्या मावसबहिणीला शिकवलं, आणि बहिणीने पुढे.

चाचणी झाली. दोन्ही बॅचमध्ये जवळजवळ सगळ्यांचं तेच गणित, त्याच पायरीला चुकलेलं. सरांना कॉपीचा संशय आला. त्यांनी आम्हाला लांब लांब बसवून नवं गणित घातलं. आम्ही तेही तसंच चुकवलं.

सरांनी तपासलेले पेपर टेबलावर ठेवले. मग म्हणाले, की माझंच शिकवताना काहीतरी चुकलं असणार. एवढे कडक सर, पण चेहरा पार उतरला होता. मला राहवेना. मी उठून म्हणालो, "होतं सर कधीकधी. तुम्ही नका काळजी करू, मी समजावतो सगळ्यांना."

मागून दर्शना उठली. "सर, तुमी नाय चुकले. आमाला ह्यानेच शिकवलंय."

सरांनी माझा पेपर शोधून काढला, त्या पायरीवर बोट ठेवलं आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "शिकवतोस उत्तम," ते म्हणाले. "तू सांगितलेलं एकजणही विसरला नाही. आता तेवढं शिकून घे."

मग ते मला क्लास सुटल्यावर थांबवून घ्यायला लागले, आणि गुणाकार एकदाचा पक्का झाला. गच्चीवरची शिकवणीही पुन्हा भरली. फक्त मी तोंड उघडलं, की दर्शना आधी वही मिटायची आणि शांतपणे विचारायची, "सरांना दाखवून आलास नं?"